‘छान’ परत जातं, ‘मस्त’ आत येतं : तुझ्या कमेंट प्लगइनबद्दल

तुझा प्रश्न दोनदा वाचला, त्याखाली तू चिकटवलेला कोडही वाचला. मागून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तू शेवटच्या वर्षाला आहेस. सोलापूरचं खाणंपिणं आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा यांवर लिहिणाऱ्या एका वर्डप्रेस साइटसाठी (वर्डप्रेस म्हणजे साइट चालवायची तयार प्रणाली) कमेंटचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, स्वतः लिहिलंस. वाचायला माणसं येतात, पण कमेंट मोजक्याच. ‘ताज्या प्रतिक्रिया’च्या चौकटीत मधूनच रिकाम्या ओळी दिसतात. आणि लोकांनी जास्त लिहावं म्हणून इमोजीची पट्टी, लाइक आणि बॅज यांतलं आधी काय घालू, असं विचारतोयस.

सध्या काहीच घालू नकोस. लोक लिहीत नाहीत असं तू धरून चाललायस. कोड बघून मला वाटतं लोक लिहितायत, आणि तुझं प्लगइन ते गिळतंय.

इमोजीपासूनच सुरू करू, कारण खरी गंमत तिथे आहे. तू कमेंटसाठी वेगळं टेबल बनवलंस आणि त्याचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायचा संच, नुसता ‘यूटीएफ८’ ठेवलास. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे नाव फसवं आहे. ती यूटीएफ-८ ची तोकडी आवृत्ती, एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट, म्हणजे साठवणुकीच्या तीन जागा, देणारी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोब्बर तीन बाइटचं. कन्नड आणि तेलुगूचंही तसंच. म्हणून तुझ्या चाचणीत सगळं सुखरूप मावलं. बहुतेक इमोजींना मात्र चार बाइट लागतात. आता सांग, यात्रेच्या पानावर आपला माणूस काय लिहिणार? ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ आणि पुढे हात जोडलेला इमोजी. तो मजकूर टेबलात बसत नाही हे बघून वर्डप्रेसचं इन्सर्ट गपचूप ‘फॉल्स’, म्हणजे ‘जमलं नाही’, परत देतं. तू ते तपासत नाहीस, आणि खाली हिरव्या पट्टीत ‘धन्यवाद, तुमची प्रतिक्रिया मिळाली’ झळकतं. अरे, मिळाली कुठे?

म्हणजे इमोजीची पट्टी घातली असतीस तर होत्या त्या कमेंटही गेल्या असत्या.

वर्डप्रेसने स्वतःची टेबलं ४.२ पासून, म्हणजे एप्रिल २०१५ पासून, चार बाइटवाल्या ‘यूटीएफ८एमबी४’वर नेली. तूही तुझं टेबल तसं करू शकतोस, पण माझं मत विचारशील तर ते टेबलच काढून टाक. कमेंटसाठी वर्डप्रेसचं टेबल आहे, लाइकसारख्या जोड-माहितीसाठी कमेंटमेटा आहे. तिथे ठेवलंस की मंजुरीचं पान, स्पॅमचा डबा, एक्सपोर्ट, वाचकाने मागितली तर त्याची माहिती काढून देण्याची सोय, हे सगळं फुकटात मिळतं. उद्या साइटवाल्याने तुझं प्लगइन बंद केलं तरी लोकांचं लिहिलेलं जागेवर राहतं. दुसऱ्याच्या वाचकांचा मजकूर आपल्या खाजगी कपाटात ठेवायचा आणि किल्ली घेऊन नोकरीला पुण्याला जायचं, हे बरं नव्हे. आणि कमेंट आत घेताना ‘डब्ल्यूपी_इन्सर्ट_कमेंट’ थेट वापरू नकोस. ते काहीही न तपासता आत ढकलतं. ४.४ पासून असलेलं ‘डब्ल्यूपी_हँडल_कमेंट_सबमिशन’ वापर. पोस्टवर कमेंट बंद आहेत का, तीच कमेंट परत आली का, कोणी धडाधड टाकतोय का, हे सगळं तिथे बघितलं जातं.

आता दहा अक्षरांची अट. फालतू कमेंट नकोत म्हणून तू किमान दहा अक्षरं मागतोस आणि ती ‘स्ट्रलेन’ या फंक्शनने मोजतोस. स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. ‘छान’ म्हणजे छ, काना आणि न : तीन चिन्हं, नऊ बाइट. परत पाठवलं. ‘मस्त’ म्हणजे म, स, हलन्त, त : चार चिन्हं, बारा बाइट. आत घेतलं. ‘छान’पुढे उद्गारचिन्ह टाकलं की दहा भरतात, मग तेही आत. वाचकाला दिसतं काय, तर ‘प्रतिक्रिया फार छोटी आहे’. त्याला काय बे कळणार की तुझ्या प्लगइनला छानपेक्षा मस्त आवडतं! ‘एमबी_स्ट्रलेन’ वापरलंस तर निदान चिन्हं नीट मोजली जातील, पण मी तर ही अटच उडवीन. कडक भाकरीची कृती वाचून एखाद्या आजीने ‘छान’ लिहिलं तर ती फालतू कमेंट नाही.

रिकाम्या ओळींचं मूळही इथेच आहे. ताज्या प्रतिक्रियांत तू ‘सबस्ट्र’ने पहिले पन्नास बाइट कापतोस. पन्नासला तीनने भाग जात नाही. मध्ये स्पेस किती आल्या त्यावर नशीब ठरतं, आणि बऱ्याचदा सुरी अक्षराच्या मधोमध पडते. नंतर ते ‘एस्क_एचटीएमएल’ या मजकूर सुरक्षित करणाऱ्या फंक्शनमधून जातं (ते बरोबर केलंयस, काढू नकोस). त्याला तुटकं यूटीएफ-८ दिसलं की ते अख्खा मजकूर रिकामा करून परत देतं. म्हणून कधी ओळ दिसते, कधी नाही, आणि मजकूर इंग्रजी असता तर असं कधीच झालं नसतं. ‘एमबी_सबस्ट्र’ने रिकाम्या ओळी जातील, पण ‘शेंगदाण्’ असं पाय मोडून उभं राहील. सरळ ‘डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स’ने पहिले आठ शब्द घे. आपल्या लिपीत शब्दावर कापणंच बरं.

यापुढचं मी स्वतः भोगलंय.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या साइटवर मी असाच फॉर्म बसवला होता. सुरक्षिततेसाठी त्यात नॉन्स घातला, म्हणजे वर्डप्रेसचा तो छोटा टोकन, जो १२ ते २४ तास चालतो. साइटवर पानं कॅश करणारं, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून ठेवणारं, प्लगइन होतं आणि तयार पान ते आठवडाभर तसंच वाढायचं. पहिल्या दिवशी कमेंट यायच्या, दुसऱ्या दिवसापासून बंद, कारण साठवलेल्या पानातला टोकन तोवर बाद व्हायचा. मी लॉगिन करून बघायचो. लॉगिन असलेल्याला कॅशचं पान मिळत नाही, ताजं मिळतं. त्यामुळे माझं दरवेळी नीट जायचं आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, ‘साहेब, आपले लोक नुसतं वाचतात, लिहीत नाहीत.’

एका रविवारी विजापूर रोडवर भावाकडे जेवायला गेलो. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, तुमच्या त्या साइटवर लिहिलेलं जातच नाही हो.’ शेंगा चटणी मिक्सरला का करू नये, यावर त्यांनी मोबाइलवर चांगला दोन परिच्छेद मजकूर लिहिला होता. उखळात कुटली तर दाण्याचं तेल सुटतं, मिक्सरला नुसता भुगा होतो, तिखट कधी घालायचं, वगैरे. बटण दाबलं, लाल अक्षरात काहीतरी आलं, त्यांनी पान रिफ्रेश केलं, आणि मजकूर गेला. मी म्हटलं परत लिहा, आता दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, ‘आता कोण टाइप करत बसतंय.’

तुझ्या कोडमध्ये तोच नॉन्स आहे, आणि साइटवर कॅश आहे असं तूच लिहिलंयस. लॉगिन नसलेल्या वाचकांना नॉन्स मुळात एकसारखाच मिळतो, त्यामुळे त्याने राखण फारशी होत नाही. वर्डप्रेसच्या स्वतःच्या फॉर्ममध्येही तो पाहुण्यांसाठी नसतो. काढून टाक. फारच हवा असेल तर सबमिटच्या वेळी ताजा मागवून घे. दुसरं, वाचक लिहील तसतसा मजकूर त्याच्याच ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवत जा आणि सर्व्हरने ‘मिळालं’ म्हटल्यावरच पूस. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. लाइट जाते, रेंज जाते, एसटीत बसून लिहिणारे असतात. बॅजपेक्षा हे आधी कर.

स्पॅमवर लांबण लावत नाही. लपवलेला रिकामा रकाना (तो फक्त बॉट भरतात) आणि फॉर्म उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांत आलेलं बाजूला टाकणं, एवढ्यावर पुष्कळ भागतं. फक्त वेळ ब्राउझरमध्येच मोज. पानात छापलीस तर कॅश पुन्हा आडवा येईल. पण शब्दांच्या यादीला जपून हात लाव. तू ‘लोन’ हा शब्द बंदीच्या यादीत टाकलायस. ती यादी शब्दाच्या पोटातही शोधते, म्हणजे सलोनी नावाच्या कुठल्याही मुलीची कमेंट कचऱ्यात, आणि बार्सिलोनाच्या फुटबॉलवर बोलणाऱ्याचीही. कचरा ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, तेव्हा मागाहून शोधायलाही काही उरत नाही. शब्दाची सीमा रेग्युलर एक्सप्रेशनच्या (मजकुरात नमुना शोधायच्या खुणांच्या) ‘बॅकस्लॅश बी’ने ठरवायला जाशील तर तेही फसतं, कारण काना दिसला की त्याला वाटतं शब्द संपला. मागेपुढे अक्षर किंवा मात्रा नाही ना, हे वेगळं तपासावं लागतं. ‘देवनागरी नसेल तर अडव’ ही अट तर आजच काढ. सोलापुरात बसून कन्नड, तेलुगू आणि ‘lai bhari’चा रोमन अवतार अडवायचा म्हणजे निम्म्या पेठांना दार बंद करण्यासारखं आहे.

अजून एक जागा आहे, जी मलाही फार उशिरा दिसली. स्पॅमवाले शब्दांच्या मध्ये न दिसणारी शून्य रुंदीची चिन्हं घालतात, म्हणून तू ती सरसकट पुसतोस. त्यांतलं एक, अक्षरं जोडणारं झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर), आपल्याला लागतं. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, काही साध्या र् पुढे हे अदृश्य चिन्ह ठेवतात. ते पुसलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. आमच्या एका पानावर कोणीतरी लग्नातल्या जेवणाबद्दल लिहिलं होतं की ‘आचाऱ्यांना मीठ कळत नाही’. छापून आलं ‘आचार्यांना मीठ कळत नाही’. खाली एका निवृत्त शिक्षकांनी चिडून उत्तर दिलं, आणि तीन दिवस वाद चालला. तेव्हा मूळ मजकुराला हात लावू नकोस. स्पॅम तपासायला त्याची वेगळी प्रत घे आणि काय पुसायचं ते त्या प्रतीत पूस.

लाइक राहू दे, कोणाचं काही बिघडत नाही. उत्तराखाली उत्तर ही पायरी मोबाइलवर दोनच्या पुढे नेऊ नकोस, नाहीतर पाचव्या पायरीला ओळीत एकेक शब्द उरतो. ‘तुम्हाला उत्तर आलं’ हे ईमेल कमेंटच्याच रिक्वेस्टमध्ये पाठवू नकोस, मागे रांगेत टाक. आणि प्रत्येक चाचणी लॉगिन न करता कर, दुसऱ्याच्या फोनवर.

सुरुवात मात्र एका लॉगने, म्हणजे नोंदींच्या फाइलने, कर. जी कमेंट आत घेतली नाही तिची तारीख, कोणत्या नियमाने अडली ते, आणि मजकुराची लांबी, एवढंच लिहून ठेव. नाव, आयपी, मजकूर काही नको. पंधरा दिवस चालू दे. संक्रांतीला गड्डा भरला की त्या पानांवर गर्दी होणार, त्याआधी हे झालेलं हवं. आलेले आकडे याच धाग्यात टाक, कोणता नियम किती गिळतोय ते एकत्र बघू. बॅजचं त्यानंतर विचार.