वडिलांच्या हाताला स्प्लिंट की मोजा? थेरपिस्ट ‘पुरावा’ म्हणतात तो कसला?

वडिलांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झालेत. आधीच्या थेरपिस्टनी रात्री बांधायला स्प्लिंट (मनगट ताणून धरणारी कडक पट्टी) दिली होती, आणि आताच्या मॅडम म्हणतात, ‘त्याला पुरावा नाही, चांगल्या हाताला हातमोजा घाला, म्हणजे तो वापरता येणार नाही, आणि अधू हातानं कामं करू द्या.’ ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रुग्णांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवते ती थेरपी देणारी व्यक्ती. माझा कौल मॅडमना, पण एका अटीवर.

आधी स्प्लिंट. रात्रभर मनगट ताणून ठेवलं की हात आखडणार नाही, हे इतकं पटण्यासारखं आहे की आमच्यातले बहुतेक जण ती सर्रास देत आले. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या 63 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना स्प्लिंट दिली, काहींना नाही. चार आठवड्यांनी आखडण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. मूठ इतकी घट्ट असेल की नखं तळव्यात रुततात, तर स्प्लिंट देण्याचं कारण वेगळं असतं. ते आधीच्या थेरपिस्टना जरूर विचारा.

आता मोजा. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. त्यातल्या 222 रुग्णांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झाले होते, म्हणजे तुमचे वडील नेमके त्यात बसतात. दोन आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ चांगला हात मोज्यात, आणि थेरपीच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. वर्षभरानंतरही या गटाचा हात जास्त चालत होता. मात्र दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार होते, काहींना तर काहीच नव्हतं. त्यामुळे श्रेय मोज्याचं किती आणि तासन्‌तास घासून केलेल्या सरावाचं किती, हा वाद आहेच. मला स्वतःला सराव जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि अट ही: त्या चाचणीत मनगट किमान 10 अंश वर उचलता येणारे, अंगठा आणि आणखी दोन बोटं थोडी उघडता येणारेच रुग्ण घेतले होते. वडिलांचा हात पूर्ण लुळा असेल, तर मोजा घालून तुम्ही त्यांचा दुसरा हातही काढून घ्याल.

‘घरीच करून घेऊ’ असा विचार असेल, तर भारतातल्या 14 रुग्णालयांतली 1250 रुग्णांची चाचणी पाहा. निष्कर्ष 2017 साली आले. घरच्यांना शिकवून करवून घेतलेल्या पुनर्वसनानं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या तुलनेत, सहा महिन्यांनी फरक पडला नाही. दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण दगावले किंवा परावलंबी राहिले. घरचा सराव हवाच, पण थेरपिस्टची नजर सोडू नका.

पुराव्यावर चालणं म्हणजे नुसते शोधनिबंध वाचणं नाही. पुराव्यावर आधारलेल्या उपचारांची व्याख्या मांडणारे डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 1996 साली उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची इच्छाही त्यातच धरली होती. तुमच्या प्रश्नात वडिलांचं म्हणणं कुठेच नाही. त्यांना भाकरी मोडायची आहे, बटणं लावायची आहेत की सही करायची आहे, ते विचारा आणि मॅडमना त्याच कामाचा सराव घ्यायला सांगा. जिन्यावर, न्हाणीघरात आणि गॅसजवळ मोजा काढायचा.