वाचकांचे प्रश्न : जॉयस वेदर्ड आणि ‘३ आणि १’

प्रश्न : इंग्लिश गोल्फपटू जॉयस वेदर्डने १९२९ची अंतिम लढत ‘३ आणि १’ अशी जिंकली, असे वाचले. गोल्फमध्ये एकूण फटके मोजतात ना? मग हे आकडे कशाचे? – एक वाचक, पुणे

उत्तर : फटक्यांची बेरीज स्ट्रोक-प्लेमध्ये करतात. ब्रिटिश महिला हौशी स्पर्धेचा निकाल मॅच-प्लेवर लागे. त्यात प्रत्येक होलचा, म्हणजे चेंडू खळग्यात पाडायच्या प्रत्येक टप्प्याचा, हिशेब वेगळा. कमी फटके जिचे, तिचा होल. बरोबरी झाली तर कुणाचाच नाही. चारऐवजी नऊ फटके लागले तरी जातो एकच होल. उरलेल्या होलपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच थांबतो. ‘३ आणि १’ म्हणजे तीन होलची आघाडी, एकच होल बाकी. अंतिम सामना ३६ होलचा (अठरा होलच्या दोन फेऱ्या) असल्यामुळे तो ३५व्या होलवर संपला. दुपारच्या फेरीतला हा सतरावा होल, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानाचा कुप्रसिद्ध ‘रोड होल’.

त्या दिवशी सकाळी अमेरिकेच्या ग्लेना कॉलेटने पहिले नऊ होल ३४ फटक्यांत संपवले. अकरा होलनंतर वेदर्ड पाचने मागे. पण खेळायला २५ होल शिल्लक होते, हे विसरू नये. जेवणाच्या सुटीपर्यंत पिछाडी दोनवर आली आणि दुपारी पारडे फिरले. ३६ होलनंतरही बरोबरी राहिली तर जादा होल खेळतात. १९२५मध्ये ट्रून इथे सेसिल लीचविरुद्धची तिची अंतिम लढत ३७व्या होलवर सुटली.

प्रश्न : तिची एकूण कामगिरी थोडक्यात सांगाल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रिटिश अजिंक्यपद चार वेळा : १९२२, १९२४, १९२५ आणि १९२९. इंग्लिश अजिंक्यपद १९२० ते १९२४, ओळीने पाच वर्षे. या स्पर्धेत तिने सलग ३३ सामने जिंकले. यातले पहिले अजिंक्यपद, १९२०चे, शेरिंगहॅमला. तिथे ती पट (खळग्याजवळचा हलका फटका) मारत असताना शेजारून आगगाडी धडधडत गेली. नंतर कुणी विचारले, तर म्हणाली, ‘‘कुठली गाडी?’’ किस्सा बराच घासूनपुसून चकचकीत झालेला आहे, पण तिच्या एकाग्रतेला शोभतो. अमेरिकेचा विख्यात गोल्फपटू बॉबी जोन्स याने तर स्त्री-पुरुष असा भेद न करता तिला आपण पाहिलेली सर्वोत्तम गोल्फपटू म्हटले.

प्रश्न : दुकानात नोकरी केली म्हणून तिचा हौशी (पैशासाठी न खेळणाऱ्या खेळाडूचा) दर्जा गेला, हे खरे का? माझी मुलगी स्पर्धा खेळते. आज काय नियम आहे? – एक पालक, नागपूर

उत्तर : खरे आहे. लंडनच्या फोर्टनम अँड मेसनच्या गोल्फ विभागात ती कामाला लागली. खेळातल्या नावाचा पैशासाठी वापर, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग तिने १९३५मध्ये अमेरिकेत पैसे घेऊनच प्रदर्शनी सामने खेळले. आमच्या मते ते योग्यच केले.

२०२२पासून नियम बराच सैल झाला आहे. प्रायोजक किंवा दुकानातली नोकरी यांमुळे आता दर्जा जात नाही. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) न धरता होणाऱ्या स्पर्धेत १,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रोख बक्षीस घेता येते. हँडिकॅप स्पर्धेत मात्र रोख अजिबात नाही. त्याच मर्यादेत वस्तू चालते. मुले चुकतात ती नेमकी इथे, कारण क्लबच्या बहुतेक स्पर्धा हँडिकॅपच्याच असतात. पाकीट हातात घेण्याआधी स्पर्धेच्या अटी वाचा. व्यावसायिक म्हणून स्पर्धेत नाव नोंदवले तरीही दर्जा जातो, आणि पैसे घेऊन शिकवण्यावर बंधने अजून कायम आहेत.