उन्हात नजर धुरकटते तेव्हा

‘ताई, ऊन लागले की उजव्या डोळ्याला धुरकट दिसते. आजार पुन्हा उसळला का? मी आंधळी होणार का?’ इंदूरच्या मे महिन्यात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंवरचे आवरण झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांकडून हा प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका शिक्षिकेने विचारला. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या नसेला सूज, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस, झाली होती आणि नंतर नजर बरीचशी परतली होती.

सोबत आलेले यजमानच बहुतेक उत्तरे देत होते आणि त्यांच्या मते ‘तसे दिसते नीट’. परिचारिका म्हणून सुरुवातीच्या काळात मीही अशा उत्तरावर समाधान मानत असे. पण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकून टाकतो, हे मला उशिरा उमगले. म्हणून त्यांना नेहमीचा चष्मा लावायला सांगून मी एकेक डोळा तळहाताने झाकायला लावला, अक्षरांचा तक्ता वाचून घेतला आणि औषधाच्या बाटलीचे लाल झाकण समोर धरले. डाव्या डोळ्याने पाहून त्या म्हणाल्या, ‘कुंकवासारखे.’ उजव्याने पाहिल्यावर क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘हेच कुंकू, पण उन्हात विटलेले.’ नसेला इजा झाली की अक्षरे वाचता येऊनही लाल रंग असा फिका पडू शकतो. तक्त्यावरची ओळ तेवढी नोंदवली, तर ही उणीव कागदावर येतच नाही.

मग मी वेळेबद्दल खोदून विचारले. राजवाड्याहून भर दुपारी पायी आल्यावर किंवा शेगडीपुढे उभे राहिल्यावर धुरकटपणा येई, आणि पंख्याखाली बसून गार पाणी प्यायल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ओसरे. डोळा फिरवताना दुखत नसे. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये वर्णिलेला प्रकार तो हाच. मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण झिजलेले असले, की शरीराचे तापमान थोडे वाढले तरी संदेश अडखळतात, आणि अंग निवले की ते पूर्ववत वाहू लागतात. नसेला नवी सूज आल्याचे हे लक्षण नव्हे, हे मी त्यांना दोनदा सांगितले, कारण पहिल्या वेळी घाबरलेल्या माणसाला फक्त आजाराचे नाव ऐकू येते. मात्र धुरकटपणा चोवीस तासांहून अधिक टिकला, डोळा हलवताना दुखला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना कळवायचे, हेही वहीत लिहून दिले.

जुलैत त्यांचा फोन आला: कालपासून धुरकट आहे, ऊन तर नाहीच. मी ताप मोजायला सांगितला, तो १०१ निघाला. लघवीला जळजळही होत होती, पण ती त्यांना सांगण्याजोगी वाटली नव्हती. डॉक्टरांना लगेच दाखवायला लावले. लघवीतल्या जंतुसंसर्गावर औषध सुरू झाले, ताप उतरला आणि चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच लाल झाकण धरून पाहून कळवले: ‘ताई, कुंकू मे महिन्याइतकेच विटलेले, त्याहून अधिक नाही.’