लगाम, वादी, चाबूक, छडी: घोडेस्वाराच्या हातात नक्की काय काय असतं?

प्रश्न असा आलाय की घोडेस्वारीवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर चालू आहे आणि एका साध्या वाक्यावर गाडी अडलीय. स्वार दोन्ही रेन्स डाव्या हातात गोळा करतो आणि व्हिप उजव्या हातात घेतो, एवढंच वाक्य. तर रेन्सना लगाम म्हणायचं का, लगाम तर तोंडातल्या लोखंडाला म्हणतात ना, आणि तो लगाम की ती लगाम, आणि व्हिपसाठी चाबूक, आसूड, कोरडा, हंटर यातला कुठला शब्द घ्यायचा?

आधी लगाम. शब्द फारसीतून आलेला, आणि मराठीत त्याने सगळंच पोटात घेतलंय, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसते ती लोखंडी कडी, डोक्यावरून जाणारे पट्टे आणि स्वाराच्या हातात येतात त्या लांब वाद्या, सगळा मिळून लगाम. इंग्रजीत या तिन्हींना वेगळी नावं आहेत म्हणून भाषांतर करणारा गोंधळतो, पण मराठी माणूस गोंधळत नाही कारण आपल्याकडे नेमका भाग कुठला ते क्रियापद सांगतं. लगाम घातला, चढवला म्हटलं की तोंडातली कडी. लगाम खेचला, आवळला, सैल सोडला म्हटलं की हातातली वादी. 'जिभेला लगाम घाल' यात कडी आहे आणि 'खर्चाचा लगाम सैल सुटला' यात वादी आहे, बोलताना आपण याचा विचारही करत नाही. त्यामुळे बहुतेक वाक्यांत नुसतं लगाम लिहून मोकळं व्हा, क्रियापद बरोबर निवडा म्हणजे झालं.

अडचण कधी येते तर कडी आणि वादी एकाच वाक्यात आल्या की, किंवा हात-बोटांचं बारीक वर्णन आलं की. तिथे मी 'लगामाची वादी' लिहीन. वादी म्हणजे चामड्याची पट्टी, चांगला रुळलेला शब्द आहे आणि वस्तूही तीच आहे. बैलगाडीचा कासरा इथे आणू नका, तो दोर वेसणीशी जातो, म्हणजे नाकाशी, आणि घोड्याचं सगळं काम तोंडाशी. बागडोर पण नको, त्यातला बाग संस्कृत वल्गावरून हिंदीत आलेला, आणि आपल्या पेपरांत तो फक्त पक्षाची नाहीतर राज्याची बागडोर कुणाच्या हाती एवढ्यापुरताच उरलाय, खऱ्या घोड्याजवळ तो विचित्र वाटतो.

आता धरतात कशी ते बघू, कारण पुस्तकात हे येणारच. दोन हातांनी चालवताना प्रत्येक हातात एक वादी, ती करंगळी आणि अनामिकेच्या मधून आत येते, तळव्यातून वर जाते, तर्जनीवरून बाहेर पडते आणि वरून अंगठा दाबून ठेवतो. मुठी उभ्या, अंगठे वर. धरण्याचं खरं काम अंगठा आणि तर्जनीचं, बाकीची बोटं आवळायची आणि सैल करायची, घोड्याशी बोलणं चालतं ते तिथून. काही घोड्यांच्या तोंडात दोन कड्या असतात, मग वाद्या चार होतात आणि प्रत्येक हातात दोन-दोन येतात. अशा ठिकाणी 'चार लगाम' लिहिलंत तर वाचकाला चार घोडे दिसतील, तेव्हा तिथे वाद्याच.

एका हातात धरायची पद्धत मुख्यतः घोडदळातली. सगळ्या वाद्या डाव्या मुठीत, कारण उजवा हात तलवारीला किंवा भाल्याला मोकळा पाहिजे. घोड्यावर डाव्या बाजूने चढायची रीत पण तलवारीमुळेच असं सांगतात, म्यान डाव्या कमरेला असल्यावर उजवीकडून चढताना ते पायात येणार. पोलोत आजही हेच, लगाम डाव्या हातात आणि काठी उजव्यातच, खेळाडू डावखुरा असला तरी, कारण डाव्या हाताने काठी चालवायला नियमाने बंदी आहे, समोरासमोर टक्कर होईल म्हणून. इंग्रजीत यावरून डाव्या हाताला लगामाचा हात आणि उजव्याला चाबकाचा हात असंच म्हणतात, आणि चाबकाचा हात आपल्याकडे असणं म्हणजे वरचष्मा असणं. हा वाक्प्रचार तुमच्या पुस्तकात आला तर सरळ वरचष्मा लिहा, चाबूक आणू नका. आणि डाव्या-उजव्याचा नियम सगळीकडे नसतो हेही लक्षात ठेवा, रिंगणात घोडा फिरवताना छडी साधारणपणे आतल्या बाजूच्या हातात असते आणि दिशा बदलली की हात बदलतो.

'छडी' असं मी मुद्दामच लिहिलं. चाबूक म्हटलं की मराठी डोळ्यासमोर दांडा आणि त्याला लोंबणारी वादी किंवा दोरी येते, टांगेवाल्याची, सर्कसवाल्याची. स्वाराच्या हातात असते ती वस्तू ताठ, आखूड, टोकाला जेमतेम चामड्याची जीभ. मूठ तळव्यात, लगामाच्या वादीबरोबरच, आणि बाकीची छडी मांडीवर आडवी टेकलेली. ती बऱ्याचदा मारायची नसतेच, पायाने केलेली खूण घोड्याने मनावर घेतली नाही तर टाचेमागे नुसता स्पर्श करायचा. शर्यतीत जॉकी मारतात ते वेगळं, पण तिथेही छडीला मऊ गादी असते आणि मोजदाद असते, ब्रिटनमध्ये 2023 पासून सपाट शर्यतीत 6 आणि अडथळ्यांच्या शर्यतीत 7 वेळाच वापरता येते. अशा छडीबद्दल 'जॉकीने आसूड ओढला' असं कुणी लिहिलं की मला हसू येतं, आसूड हा शेतकऱ्याचा, बैलांचा, जोतीरावांनी शेतकऱ्याच्या हातात दिला तो. कोरडा म्हटलं की पोतराज आठवतो नाहीतर जुन्या काळातली शिक्षा. हंटर तर गंमतच आहे, इंग्रजीत हंटर म्हणजे शिकारी, त्याला चाबकाचा अर्थ आपल्या देशातच चिकटला, आणि हंटर उगारणारा म्हटलं की जमीनदार किंवा खलनायक दिसतो, घोडा दिसतच नाही.

इथेही क्रियापद बघण्यासारखं आहे. कोरडे ओढतात, आसूड ओढतात, म्हणजे मारतात, आणि लगाम ओढतात म्हणजे थांबवतात. एकच ओढणे, घोड्याच्या पाठीवर एक अर्थ आणि तोंडाशी बरोबर उलटा. आणि छडी ओढत नाहीत, छडी लावतात, टेकवतात, मारतात.

चाबूक शब्दाची स्वतःची कहाणीही छान आहे. फारसीत चाबुक म्हणजे चपळ. चाबुकस्वार हा शब्द म्हणून मुळात चाबूकवाला स्वार नाही, चपळ, तरबेज स्वार आहे, मराठीत तो घोडे शिकवून तयार करणारा झाला. हाच चाबूक मलायकडे गेला, तिथून डच लोकांबरोबर दक्षिण आफ्रिकेत जाऊन शाम्बॉक झाला, म्हणजे गेंड्याच्या नाहीतर पाणघोड्याच्या कातड्याचा जाड चाबूक, आणि चपळाई वाटेत कुठेतरी गळून पडली.

संस्कृतात लगामासाठी रश्मी, वल्गा, प्रग्रह असे शब्द आहेत, रश्मी म्हणजे किरण आणि लगाम दोन्ही. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी आणि मन हा प्रग्रह. निग्रह, आग्रह यातला ग्रह तोच, धरणे. चाबकासाठी प्रतोद, आणि तो मात्र मराठीत रोज पेपरात असतो, पक्षाचा मुख्य प्रतोद! इंग्रजांनी संसदेतला व्हिप शिकारीतून उचलला, कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसावरून, आणि आपण त्याला रथाच्या सारथ्याचा शब्द दिला. बाकी गीताध्यानातला कृष्ण 'तोत्रवेत्रैकपाणये' आहे, एका हातात चाबूक-छडी, आणि लगेच पुढे ज्ञानमुद्रा, मग लगाम कुठल्या हातात असं लहान मुलं हमखास विचारतात. रथ तेव्हा उभा होता, दोन्ही सैन्यांच्या मधोमध, त्यामुळे भागलं असणार.

लिंगाचं उत्तर छोटं आहे. मराठीत तो लगाम, हिंदीत ती. 'महागाईला लगाम घातली' हे हिंदी बातम्यांचं मराठी आहे, घातला म्हणा. अनेकवचनही लगामच, 'दोन्ही लगाम आवळले'.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: 'स्वाराने लगामाच्या दोन्ही वाद्या डाव्या मुठीत गोळा केल्या आणि छडी उजव्या हातात घेतली.' नुसतं 'लगाम डाव्या हातात घेतला' केलंत तरी चालेल, पुढे बोटांचं वर्णन नसेल तर. आणि पुढच्या प्रकरणात बग्गी आली तर तिथे मात्र छडी नको, चाबूकच ठेवा, फक्त 'चाबकाने' लिहा, 'चाबुकाने' नको.