फेफरं, फीट, मिरगी, अपस्मार : फलकावर काय लिहावे?

नाशिकच्या एका शिक्षिकेची विचारणा आहे. १७ नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनी, शाळेच्या फलकावर चार ओळी लिहायच्या आहेत. आजी ‘फेफरं’ म्हणते, दवाखान्यात ‘फीट’ म्हणतात, कुणी ‘मिरगी’ आणि सरकारी कागदावर ‘अपस्मार’. चारही एकच का? आणि ‘अपस्मारग्रस्त’ लिहिले तर चालेल का?

चारही एकच नाहीत. फीट, झटका, आकडी ही त्या एक-दोन मिनिटांत जे घडते त्याची नावे. अपस्मार हे दुखण्याचे नाव. क्रियापदच ते सांगते : फीट ‘येते’, अपस्मार ‘असतो’. ‘काल त्याला अपस्मार आला’ हे वाक्य आपण सहसा बोलत नाही. फेफरं आणि मिरगी मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहेत. आलेला झटका म्हणजेही फेफरं आणि जन्माचे दुखणे म्हणजेही फेफरं.

घोळ होतो तो इथेच. एक फीट आली म्हणजे अपस्मार जडला असे डॉक्टर सहसा म्हणत नाहीत. उघड कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले की साधारणपणे तसे निदान होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही पोरांना सणकून ताप चढला की आकडी येते; बहुतेकांची ती वयाबरोबर जाते आणि तिला अपस्मार म्हणत नाहीत. पण घरात ‘हिला लहानपणी फेफरं यायचं’ एवढे एक वाक्य उरते आणि वीस वर्षांनी ते सोयरिकीच्या बैठकीत निघते. तिथे तर नावही घेत नाहीत. ‘मुलीला तसलं काही नाही ना?’ या ‘तसलं’मध्ये काय काय बसते ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

‘कायद्यातच आहे की’ असे सांगणारे अजून भेटतात, म्हणून हेही लिहितो. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीला अपस्मारही बसवला होता. १९९९च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. वेड आणि अपस्मार एकाच ओळीत तेवीस वर्षे नांदले, तर बोलण्यात ते अजून शेजारी-शेजारी राहतात याचे नवल नको.

‘अपस्मार’ हा शब्द जुना, चरकसंहितेतला. स्मृती जाणे हा त्याचा गाभा. चरकाच्या व्याख्येत ‘तमःप्रवेश’ म्हणजे अंधारात शिरणे आहे, पाहणाऱ्याला भेसूर दिसणाऱ्या हालचालींसाठी ‘बीभत्सचेष्ट’ आहे, आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शब्द, ‘आवस्थिक’ : तेवढ्यापुरता, येऊन जाणारा. लोकांनी नेमका हाच शब्द सोडला आणि बीभत्स तेवढे धरून ठेवले.

नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एकदा कॉलेजचा एक पोरगा फलाटावर कोसळला, तेव्हा हे सगळे शब्द एकदम ऐकायला मिळाले. ‘फीट आली, फीट आली.’ ‘मिरगी आहे, चप्पल हुंगवा.’ एकाने जवळच्या पिशवीतला कांदा बुक्कीने फोडला. निफाड-लासलगावच्या गाड्या लागतात तिथे कांद्याला काय तोटा! दुसरा त्याच्या मुठीत किल्ल्या कोंबत होता. ‘अहो दादा, व्हा बाजूला, त्याला कुशीवर करा आधी,’ म्हणत एक मावशी पुढे झाल्या, त्याच्या डोक्याखाली स्वतःची पिशवी सरकवली आणि घड्याळाकडे बघत बसल्या. करायचे ते एवढेच. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ला फोन. पोरगा भानावर आला तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केले, तर पायातली एक चप्पल कुठे गेली ते शोधले. ती कांदेवाल्याच्या हातात होती.

आता ‘ग्रस्त’. ग्रस् म्हणजे गिळणे. पंचांगातला ‘ग्रस्तोदित’ चंद्र म्हणजे ग्रहण लागलेलाच उगवणारा. पूरग्रस्त ठीक आहे. नाशिकला नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी पाणी आले की गोदाकाठची घरे-दुकाने खरोखरच गिळली जातात. पण वेळेवर गोळी घेऊन वर्गात बसलेल्या मुलीला कुणी गिळलेले नाही. योग्य औषधोपचार मिळाले तर अपस्मार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांना ‘ग्रस्त’ तरी कशाला म्हणायचे? मराठीत चतुर्थी विभक्ती आयती आहे. ‘त्याला मधुमेह आहे’ म्हणतो तसे ‘तिला अपस्मार आहे’ म्हणावे. ‘पीडित’ही नको. ‘रुग्ण’ दवाखान्यात शोभतो, हजेरीपटावर नाही.

आजीचे ‘फेफरं’ मी वाईट मानत नाही. तिच्या तोंडी त्यात हेटाळणी नसते. मात्र ‘विजेचं बिल बघून फेफरंच आलं’ हे आपण सगळेच म्हणतो, आणि ‘मिरगी’चे मधल्या सुट्टीत टोपणनाव व्हायला एक दिवस पुरतो. म्हणून फलकावर दुखण्यासाठी अपस्मार आणि झटक्यासाठी फीट, हे दोनच शब्द ठेवा. कंसात एकदा ‘फेफरे’ लिहा, नाहीतर घरी जाऊन मुले सांगतील आणि आजीला कळणारच नाही की हे तिच्याच ओळखीचे दुखणे आहे.

एक शुद्धलेखनाचे. ‘फिट’ म्हणजे तंदुरुस्त आणि ‘फीट’ म्हणजे झटका. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पार उलटा होतो. ‘मुलाला फिट आली’ असे पाट्यांवर सर्रास दिसते. तुमच्या फलकावर दीर्घच लिहा. अनेकवचनात ‘फिट्स’ ऱ्हस्व चालेल.