मीटिंगला थोरली जाते

बाई, नमस्कार.

आम्ही कोपरखैरण्यात राहतो. मिस्टर भाजी मार्केटला माथाडी आहेत, रात्री दहाला जातात ते सकाळी दहाला येतात. मी डबे करते, ऐरोलीच्या कंपन्यांमध्ये बावीस डबे जातात. शनिवार-रविवार कंपन्या बंद, तेवढाच आराम. मुलगा सातवीला आहे, इंग्लिश मीडियम, स्टेट बोर्ड, शाळा घरापासून दहा मिनिटांवर. पाचवीपर्यंत पहिल्या दहात असायचा. दिवाळीआधीच्या सहामाहीत तीन विषयांत नापास झाला आणि मला ते रिझल्ट हातात पडल्यावर कळलं. शाळेने आधी काहीच कळवलं नाही. फीला एक दिवस उशीर झाला तर लगेच मेसेज येतो. वर्गशिक्षिकेला फोन केला तर म्हणतात, आम्ही जूनपासून तीनदा सांगितलंय. चक्क खोटं बोलतात. शनिवारच्या मीटिंगला माझी थोरली जाते, बारावीला आहे, तिचं इंग्रजी चांगलं आहे. मुलगा हल्ली बोलत नाही, दप्तराला हात लावू देत नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करू का शाळाच बदलू? मिस्टर म्हणतात, गावी जावळीला आजीकडे ठेवू.

एक आई, कोपरखैरणे

---

ताई,

तक्रारीचा अर्ज जरा बाजूला ठेवा. आधी मला सांगा, मीटिंगच्या शनिवारी सकाळी तुम्ही कुठे असता?

डबे नसतात, हे तुम्हीच लिहिलंय. शाळा दहा मिनिटांवर, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वेळ मिळत नाही असं नाही आणि लांब पडतं असंही नाही. तरी जाते थोरली. सगळ्या पत्रात त्या पोरीवर ही एवढीच ओळ आहे आणि माझ्या मते तुमचं दुखणं त्या एका ओळीत आहे.

वर्गशिक्षिका खोटं बोलत नाहीत. त्यांनी तीनदा सांगितलं असणार. ते ऐकलं सतरा वर्षांच्या मुलीने. भावाच्या बाकावर, इतर आयांच्या मध्ये, ती एकटी बसली असेल. तुमचा भाऊ वह्या पूर्ण करत नाही, हे तिने इंग्रजीत ऐकलं असेल, मान हलवली असेल, रजिस्टरमध्ये सही केली असेल. खाली उतरताना जिन्यात धाकट्याने तिचा हात धरला असेल, "ताई, आईला नको ना सांगू, पुढच्या वेळी करतो." मग ती घरी आली. घरात बाबा रात्रभर पोती वाहून येऊन झोपलेले, आईचा आठवड्यातला पहिला निवांत चहा. त्या घरात तिने ही बातमी कुठल्या तोंडाने सांगायची होती? तिने ती पोटात ठेवली. तिने आईला सांभाळलं, भावालाही सांभाळलं. हे वाचून तुम्ही तिच्यावर ओरडलात तर मला खरंच राग येईल.

शाळेने कळवलं नाही म्हणता, तर शाळेने तुम्ही पाठवलेल्या माणसाला कळवलं.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण टेबलाच्या पलीकडे मी बसलेली आहे. ठाण्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं मी सहावी ते आठवीला गणित शिकवलं. एका सातवीतल्या मुलाच्या प्रत्येक मीटिंगला त्याची बहीण यायची, दोन वेण्या, कॉलेजची सॅक. हुशार, नम्र मुलगी. मी तिला सगळं सांगायची, ती "हो टीचर" म्हणायची, सही करायची, मी पुढच्या पालकाला बोलवायची. मे महिन्यात निकालाला आई आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, मला कोणीच काही बोललं नाही." मी रजिस्टर उघडून सही दाखवली. तिने त्या सहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं अक्षर नाही." त्या दिवशी मी बरोबर होते आणि तरीही माझी चूक होती. पहिल्याच मीटिंगला मी त्या मुलीला म्हणायला हवं होतं, बाळ, तू जा, आईला पाठव. तुमच्या शाळेनेही हे म्हणायला हवं होतं. तेवढी शाळेची चूक मी धरते. पण ती दुरुस्त करायला तक्रार लागत नाही, तुम्ही तिथे लागता.

कायद्याचंही सांगते, कारण तुम्ही तक्रारीच्या तयारीत आहात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांच्या कर्तव्यांमध्ये लिहिलंय की त्यांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती याची माहिती द्यायची. मीटिंग हा त्या शाळेचा उपकार नाही, तो तुमचा हक्क आहे. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक पालक-शिक्षक संघाचे सदस्य असतात. फीच्या मेसेजचा राग येतो ना? शाळेच्या फीबद्दल विचारायचा अधिकारही तुम्हाला त्याच संघातून मिळतो. पण या सगळ्यासाठी पालक समोर असावा लागतो. बारावीतली बहीण ही पालक होत नाही.

आता खरं कारण बोलू. तुम्हाला तिथल्या इंग्रजीची भीती वाटते. बाकीच्या आया फाडफाड बोलतील, टीचर काहीतरी विचारतील, आपल्याला कळणार नाही, पोराची मान खाली जाईल, असं वाटतं. ही भीती मी हजार चेहऱ्यांवर पाहिली आहे. वर्गाच्या दारात पदर सावरत उभ्या राहिलेल्या, आत या म्हटलं तरी उंबरा न ओलांडणाऱ्या आया. पण ताई, तुम्ही ऐरोलीच्या कंपन्यांमधल्या बावीस लोकांशी रोज व्यवहार करता. कोणाला तेल कमी, कोणाला चतुर्थीला उपवासाचं, कोणाचे महिन्याचे पैसे राहिलेत, हे सगळं तुमच्या डोक्यात पक्कं आहे. त्यातले निम्मे तरी मराठी बोलत नसतील. तिथे कधी थोरलीला पाठवलंत? नवी मुंबईतल्या शाळेत मराठी किंवा हिंदी न कळणारी शिक्षिका शोधूनच सापडेल. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा, "मी याची आई. माझ्याशी मराठीत बोला." आवाज मोठा करायची गरज नाही. त्या बोलतील.

सहावी-सातवीतच ही गडबड का होते, तेही समजून घ्या. पाचवीपर्यंत बऱ्याच शाळांत एकच बाई बहुतेक विषय शिकवतात, मूल एकाच्या नजरेत असतं. सहावीपासून विषयाला वेगळे शिक्षक. गणिताच्या बाईंना वाटतं हा फक्त गणितात मागे आहे, विज्ञानाच्या सरांना वाटतं फक्त विज्ञानात. सगळं एकत्र बघणारं शाळेत कोणीच उरत नाही. गणितही याच वर्षी वळण घेतं. ऋण संख्यांचा गुणाकार, घातांक, बैजिक राशी. वजा गुणिले वजा अधिक का, हे ज्या दिवशी वर्गात झालं त्या दिवशी मूल गैरहजर असेल किंवा लाजून गप्प बसलं असेल, तर पुढचे दोन महिने त्याला फळ्यावरचं काही कळत नाही. पहिल्या दहातलं मूल हे कबूल करत नाही. ते दप्तर लपवतं. तुमच्या मुलाला नापास झाल्याइतकीच लाज पहिल्या दहातून बाहेर पडल्याची आहे.

म्हणून मीटिंगला गेलात की मार्कांचं बोलू नका. मार्क तुम्हाला माहीत आहेत. "मला उत्तरपत्रिका दाखवा" म्हणा. नापास झालेल्या तिन्ही विषयांच्या. इंग्रजी वाचता आलं नाही तरी एक गोष्ट तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. कुठे चुकलंय आणि कुठे कोरं सोडलंय. चुकलेल्या प्रश्नावर लाल रेघ असते, म्हणजे पोराने प्रयत्न केला. कोऱ्या जागेवर नुसता शून्य असतो, तिथे त्याने हात टेकलेत. कोरा भाग कुठून सुरू होतो, तिथे बोट ठेवा आणि विचारा, "हा धडा कधी शिकवलात?"

मग वही मागा. गणिताची वही पहिल्या पानापासून पुढे उलटत जा. प्रत्येक पानावर तारीख असते. एका तारखेपर्यंत अक्षर नीट असेल, टिचरची टिक असेल. त्यानंतर अक्षर घाईचं होईल, मग अर्धी गणितं, मग पानंच्या पानं रिकामी. ती तारीख शोधा. त्या आठवड्यात काय झालं होतं, हे शिक्षिकेपेक्षा तुम्हाला जास्त आठवेल. गावी गेला होता का, ताप होता का, मिस्टरांचं आणि तुमचं काही झालं होतं का, मित्र शाळा सोडून गेला का. शिक्षिकेकडे मुलाची वही आहे, तुमच्याकडे त्याचं घर आहे. ती तारीख तुम्ही दोघींनी मिळून बघितली की हा मुलगा कुठे अडकला ते कळेल. हे काम थोरलीला जमणार नाही, कितीही इंग्रजी येऊ दे.

आणखी एक छोटं काम तिथेच करा. शाळेत कोणाचा मोबाइल नंबर नोंदवला आहे ते विचारा. फीचा मेसेज तुम्हाला येतो आणि अभ्यासाचा दुसऱ्या नंबरवर जातो, असं बऱ्याच घरांत झालंय. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी जो फोन घेतला, त्याचाच नंबर वर्गाच्या ग्रुपला राहिला आणि तो फोन मुलाच्या हातात. तसं असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या.

शाळा बदलायची नाही. गावीही पाठवायचं नाही. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. पुढच्या वर्षी आठवी आहे. आधी आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नसत. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात बदल केला आणि २०२३ मध्ये आपल्या राज्यानेही नियम केला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. हे भीती घालायला सांगत नाही. सातवीचे अजून चार-पाच महिने हातात आहेत आणि एका मुलाला सावरायला ते भरपूर आहेत. पण ते नवीन शाळेत ओळखी करण्यात किंवा जावळीच्या घरात आई-बापाविना काढायचे नाहीत.

जावळीवरून आठवलं. सातवीच्या इतिहासात जावळी आहे. महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, तो भाग. तुमचा मुलगा ते इंग्रजीत वाचतोय आणि त्या शब्दांच्या मागे कुठला घाट आहे, कुठलं रान आहे, हे त्याच्या घरात तुम्हा दोघांना माहीत आहे. एका रात्री त्याला तो धडा मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त जागा सांगा. दप्तराला हात लावू देत नाही म्हणता, कदाचित पुस्तक तो स्वतःच काढेल.

आता थोरलीचं. तिची बारावी आहे, फेब्रुवारीत बोर्ड. भावाच्या मीटिंगच्या सकाळी तिने तिचा अभ्यास करायचा असतो, हे या घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ती कधी बोलली नाही. आता तरी येऊ दे. पुढची मीटिंग डिसेंबरात असेल. आदल्या रात्री भांडी आवरून झाली की तिच्याजवळ बसा आणि सांगा, "उद्या मी जाते. तू झोप नाहीतर अभ्यास कर." ती म्हणेल, मी येते सोबत. नाही म्हणा. ती म्हणेल, तुला कळणार नाही. तरी नाही म्हणा. मग कदाचित ती रडेल आणि जूनपासूनचं सगळं सांगेल. ऐकून घ्या, मध्ये बोलू नका आणि शेवटी तिला जवळ घ्या.

शनिवारी रजिस्टरमध्ये सही तुमची करा, मराठीत, पूर्ण नावाने. आणि वहीतली ती तारीख सापडली की मला कळवा.

तुमची बाई