बाहेरचं रंगकाम घरीच करावं का? आधी रजेचा आणि शिडीचा हिशेब

प्रश्न: आमचं दुमजली घर आहे. बाहेरच्या प्लास्टरला तडे गेलेत, रंगाचे पोपडे सुटतायत आणि वरच्या खोलीत छताला लागून ओल दिसते. ठेकेदाराचं सगळ्या कामाचं कोटेशन आमच्या ४ महिन्यांच्या बचतीइतकं आहे. सामान आम्हीच आणलं तर १ महिन्याच्या बचतीत बसतं. दोघांचे पगार साधारण सारखे आहेत, उत्पन्नाचा चौथा भाग शिल्लक पडतो आणि ६ महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी बाजूला आहे. नवरा म्हणतो, ८ दिवस बिनपगारी रजा काढतो, शिडी घेऊ, घरीच करू. तसं करावं, निधीतून पैसे काढून ठेकेदाराला द्यावं, की दोन वर्षं थांबावं?

उत्तर:

पत्रात आकडे स्वच्छ मांडलेत, त्यामुळे हिशेब सरळ करता येतो. तुमच्या मनात बसलेला आकडा आहे ‘३ महिन्यांची बचत वाचते’. तो मात्र टिकत नाही.

पहिली वजावट रजेची. पगार सारखे आणि बचत एकूण उत्पन्नाच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे एकाचा महिन्याचा पगार तुमच्या २ महिन्यांच्या बचतीएवढा झाला. महिन्यात २४ कामाचे दिवस धरले तर ८ दिवसांची बिनपगारी रजा म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा, अर्थात बचतीचे २० दिवस. दुसरी वजावट तुमच्या यादीत नसलेल्या गोष्टींची: परांचीचं भाडं, शिडी, भिंत धुवायचं प्रेशर मशीन, तारेचे ब्रश, प्रायमर, भेगा भरायचं मिश्रण, रोलर आणि वाया जाणारं सामान. नवशिक्याच्या हातून रंग थोडा जास्तच लागतो, आणि खडबडीत बाहेरची भिंत पहिल्या हाताला डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त पिते. यासाठी पाऊण महिन्याची बचत धरा. आता ३ महिन्यांतले उरले जेमतेम दीड. शिवाय ८ दिवसांत दोन मजली घराच्या चारही भिंती दोन नवख्या माणसांकडून होत नाहीत. रंग फासायला वेळ लागत नाही, खरवडणं, धुणं, वाळवणं, भेगा भरणं आणि प्रायमर यातच बहुतेक दिवस जातात.

तरीही दीड महिन्याची बचत लहान नाही, शिवाय वाचलेल्या मजुरीवर कर लागत नाही. मला खरी अडचण वाटते ती उंचीची. तुमच्या घराची सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे तुम्हा दोघांचे पगार, आणि दुसऱ्या मजल्यावरून पाय घसरला तर घाव त्याच मालमत्तेवर बसतो. दोन महिने एक पगार थांबला तर ४ महिन्यांची बचत गेली, म्हणजे अख्खं कोटेशन, आणि त्यात उपचारांचा खर्च धरलेलाच नाही. ठेकेदार जी मजुरी मागतो तिच्यात उंचीवर सुरक्षित काम करायची सवय आणि सरंजाम आलेला असतो. म्हणून वरचा मजला तुम्ही करू नका. यावर मी ठाम आहे.

ओलीचं पण तसंच. छताला लागून ओल आहे म्हणजे पाणी बहुधा गच्चीच्या कडेतून, कठड्याच्या सांध्यातून किंवा पाणी उतरवणाऱ्या पाइपाभोवतून शिरतंय. त्यावर रंग लावणं म्हणजे पैसे भिंतीवर थापून सोलून काढणं. भिंतीला लोणा फुटला असेल, पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर तिथे महागातला महाग रंगही धरत नाही. आधी पाण्याची वाट बंद करायची, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, आणि रंग सगळ्यात शेवटी. जिथे नवं सिमेंट प्लास्टर होईल तिथे रंगाआधी साधारण २८ दिवस जाऊ द्यावेत. ठेकेदार ‘सगळं आठवड्यात उरकतो’ म्हणत असेल तर त्याला नेमकं हेच विचारा.

दोन वर्षं थांबायचं का, याचं उत्तर इथेच मिळतं. रंग थांबू शकतो, पाणी थांबू शकत नाही. ओल सळईपर्यंत पोचली की लोखंड गंजतं, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट होतं. ते आतून काँक्रीट फोडतं, तुकडे सुटतात, आणि मग काम रंगाऱ्याचं राहत नाही, दुरुस्तीचा खर्च वेगळ्याच पायरीवर जातो. घराच्या विम्यावरही भिस्त ठेवू नका. झीज, देखभालीचा अभाव आणि हळूहळू झिरपलेलं पाणी बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

या शनिवारी एक काम करा, त्याला खर्च काहीच नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने खालच्या भिंतीवर हलके ठोके देत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं असेल तिथे बद्द आणि पोकळ येतो. पोकळ जागेभोवती खडूने रेघ मारा. मग प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा आणि फोटो काढा. केसासारखे, १ मिलिमीटरच्या आतले तडे बहुधा प्लास्टरच्या आकुंचनाचे असतात, ते तुम्ही भरू शकता. पण तडा ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, पायऱ्यांसारखा तिरका चढत असेल, किंवा महिनाभरात खुणेच्या पुढे सरकला, तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी या सगळ्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागेल, कारण चुकीच्या निदानावर केलेलं रंगकाम पूर्ण वाया जातं.

आता कामाची वाटणी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वरच्या मजल्याच्या भिंती ठेकेदाराला द्या. तळमजल्याच्या भिंती, कुंपणाची भिंत, फाटक, खिडक्यांच्या चौकटीभोवतीची सीलंटची (फट बुजवणाऱ्या लेपाची) पट्टी, ग्रिलचा गंज काढून ऑइल पेंट हे तुम्ही करा, तेही सुट्टीच्या दिवशी. बिनपगारी रजा काढू नका. या वाटणीत कसलीच घाई नाही, एका वेळी एकच भिंत घ्या. भर उन्हात रंग लावू नका, सावली जिकडे असेल त्या बाजूने काम करा. सीलंट घेताना त्यावर रंग बसतो का ते विचारा, साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. तळमजल्यालाही शिडी लागेलच, तेव्हा टेकण्याची उंची ४ फूट असेल तर पाया भिंतीपासून १ फूट बाहेर, हे प्रमाण पाळा, आणि विजेच्या तारेजवळ धातूची शिडी नेऊच नका. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, अशा वेळी कोरडं घासून धूळ उडवू नका. शेडला ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांना खरवडू नका, भोक पाडू नका, प्रेशर मशीनने धुऊही नका.

पैशाचा मार्ग असा. ठेकेदाराकडून कोटेशन फोडून मागा: गच्ची वेगळी, वरचा मजला वेगळा, परांची वेगळी, मजुरी आणि सामान वेगळं. किती हात प्रायमर, किती हात रंग, कोणत्या कंपनीचा कोणता रंग, हे लेखी हवं. गच्चीचं काम झालं की पाणी तुंबवून किमान २४ तास ठेवायची चाचणी करारातच लिहा. आगाऊ रक्कम सामानापुरती द्या, बाकी टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता चाचणी आणि पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. हप्त्याची अट आधी बोललेली असेल तर चांगला ठेकेदार कुरकुरत नाही.

निधीतून पैसे काढायला तुम्ही घाबरताय, ते समजतं. पण आकडा बघा. पूर्ण कोटेशन म्हणजे तुमचं १ महिन्याचं उत्पन्न, म्हणजेच साधारण सव्वा ते दीड महिन्याचा खर्च. सगळं निधीतून दिलं तरी साडेचार महिन्यांहून जास्त खर्चाची सोय उरते, आणि निम्मी बचत निधीत टाकत गेलात तर ८ महिन्यांत तो पुन्हा भरतो. गळतं घर ही आपत्कालीन निधीसाठी अगदी योग्य वेळ आहे. निव्वळ रंग उडाला असता तर मी निधीला हात लावू दिला नसता. वैयक्तिक कर्ज मात्र दोन्हीसाठी नको.

नवऱ्याचा उत्साह वाया घालवू नका, हे मनापासून सांगते. घरचं काम स्वतः करण्यातली खरी कमाई एका मोठ्या रंगकामात नसते, दरवर्षीच्या लहान कामांत असते. पावसाआधी गच्चीच्या पाण्याच्या तोंडातला कचरा काढणं, सुटलेली सीलंटची पट्टी बदलणं, नवा केसासारखा तडा लगेच भरणं, भिंतीलगतच्या जमिनीचा उतार घरापासून बाहेर जातोय ना ते बघणं. हीच कामं राहून गेली की काही वर्षांनी ४ महिन्यांच्या बचतीचं कोटेशन हातात पडतं.

मोठ्या कामांसाठी वेगळं खातं आजच उघडा. घराच्या किमतीच्या १ टक्का दरवर्षी देखभालीला, असा ठोकताळा सांगतात. तो बाजारभावावर लावू नका, कारण त्यात जमिनीची किंमत असते आणि जमिनीला रंग लागत नाही. तेवढं बांधकाम आज नव्याने करायला जो खर्च येईल, त्याचा १ टक्का काढा, १२ ने भागा आणि दरमहा त्या खात्यात वळवा.

फोडलेलं कोटेशन हातात आलं की एवढंच बघा. गच्ची आणि वरचा मजला मिळून अडीच महिन्यांच्या बचतीत होत असेल, तर तळमजल्याचं सामान आणि अवजारं यांना पाऊण महिना धरूनही तुमची पाऊण महिन्याची बचत वाचते, रजा न घेता आणि उंचीवर न चढता. तेवढ्यासाठी सुट्टीचे दिवस घालवणं मला रास्त वाटतं. पण तेच काम ३ महिन्यांच्या वर गेलं, तर माणसं आणि परांची तशीही दारात उभी असणार, खालच्या भिंतीही त्यांच्याकडूनच करून घ्या आणि तुम्ही दोघं फाटक आणि ग्रिल तेवढं हाती घ्या.